घरच्या लग्नात आई कुठे बसणार?

नाशिकच्या इंदिरानगर भागात राहणाऱ्या २९ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या खासगी कंपनीत नोकरी करतात. वडील नोट प्रेसमधून निवृत्त झाले आहेत, आई घर सांभाळते आणि तिचे गुडघे दुखतात. निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदार कुटुंबातील मुलाशी त्यांचा विवाह ठरला असून तो डिसेंबर २०२६ मध्ये करायचा आहे. त्यांना मंगल कार्यालय नको आहे. घराच्या अंगणात, ६० माणसांत, कन्यादान न करता, एकमेकांना हार घालून लग्न लावावे आणि नंतर महापालिकेत नोंदणी करावी, अशी त्यांची इच्छा आहे. आई म्हणते, 'लोकांना वाटेल, काहीतरी झाकायचे आहे.' वडील म्हणतात, 'साधे करायचे असेल तर कार्यालयच बरे.' सासरची भावकी दोनशेच्या घरात आहे आणि मुलाच्या आजीला सिंहस्थात, म्हणजे गुरू सिंह राशीत असताना, लग्न मान्य नाही. त्या विचारतात, 'साधेपणाचा आग्रह धरून मी स्वार्थीपणा करते आहे का? आणि हे लग्न घरी नीट पार कसे पडेल?'

तुमच्या पत्रात वडिलांचे म्हणणे एका ओळीत येऊन गेले आहे आणि त्यावर तुम्ही पुढे काहीच लिहिलेले नाही. मला मात्र संपूर्ण पत्रात तेच वाक्य सर्वांत मोलाचे वाटले. ते ऐकायला उलटे वाटते, पण ज्यांनी घरी कार्य काढले आहे त्यांना त्याचा अर्थ लगेच कळेल. कार्यालयाच्या भाड्यात जागेबरोबर अनेक कामेही येतात. खुर्च्या मांडणे, पिण्याचे पाणी भरून ठेवणे, वऱ्हाडाच्या चहाची वेळ सांभाळणे, पंगत उठली की उष्टी पाने काढणे, मोरीपाशी तुंबलेले पाणी काढून देणे, ही सगळी कामे तिथे कुणीतरी आपल्यासाठी उचललेली असतात. लग्न घरी आणले की ती घरातल्या माणसांवर येऊन पडतात, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा घरातल्या बाईवर येऊन पडतात. तुम्ही ज्याला साधेपणा म्हणता तो पाहुण्यांच्या संख्येतला आहे आणि तो चांगलाच आहे. पण माणसे कमी म्हणजे कामही कमी, हे गृहीतक एकदा तपासून पाहा.

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न आमच्या पंचवटीतल्या घराच्या अंगणात झाले. माणसे जेमतेम ७० होती. गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितला, मंगलाष्टके सुरू झाली, तेव्हा आई स्वयंपाकघरात मठ्ठ्यासाठी आले किसत होती. कुणीतरी हाक मारली तशी ती पदराला हात पुसत दारापर्यंत आली. मूठभर अक्षता तिच्या ओल्या तळहाताला चिकटून बसल्या आणि शेवटच्या 'सावधान'ला तिला त्या दुसऱ्या हाताने निपटून काढून टाकाव्या लागल्या. बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये आई दिसते ती दारात, कुणाच्या तरी खांद्याआड उभी असलेली. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही, आणि आम्हा भावंडांना ते लक्षात यायला फार वर्षे गेली. तुमच्या आईच्या गुडघ्यांचा उल्लेख तुम्ही पत्रात दोनदा केला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

त्यामुळे मांडव कुठे घालायचा आणि फुले कुठून आणायची याच्या आधी, त्या दिवशी आई कुठे बसणार हे ठरवा. ते ठरले की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. आई मांडवात बसायची असेल तर घरचा ओटा त्या दिवशी बंद राहिला पाहिजे. आचाऱ्याने स्वयंपाक त्याच्या जागेवरून करून आणावा, किंवा घरामागे मोकळ्यावर, मांडवाच्या कापडापासून दूर भट्टी लावावी. भट्टी लावली तर सिलिंडर त्याचाच, १९ किलोचा व्यावसायिक असावा, घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर अशा कामाला लावणे नियमात बसत नाही. वाढायला 'घरचीच पोरे आहेत' असे म्हणू नका. २० पानांच्या तीन पंगती होतील असे धरून तीन वाढपी सांगा, आणि भांडी व झाडलोट यांसाठी दोघी जणींना आदल्या दिवसापासून पैसे ठरवून बोलवा. वरण-भात, मसालेभात, बटाट्याची भाजी, पुऱ्या, कोशिंबीर, मठ्ठा आणि जिलेबी एवढा बेत घरच्या लग्नाला शोभतो आणि वेळेत वाढलाही जातो. वडीलधाऱ्यांसाठी एक पंगत टेबल-खुर्चीची ठेवावी. आता पाटावर बसून उठणे अनेकांना जमत नाही, आणि तसे सांगायला ते संकोचतात.

हा सगळा खर्च कागदावर मांडलात तर घरचे लग्न छोट्या सभागृहापेक्षा फारसे स्वस्त पडत नाही असे दिसेल, आणि ते आताच दिसलेले बरे. घरी लग्न करण्यामागे पैसे वाचवणे हे मुख्य कारण असेल तर वडिलांचे ऐका आणि ६० माणसांना पुरेल असे छोटे सभागृह अर्ध्या दिवसासाठी घ्या. ज्या अंगणात तुम्ही लहानाच्या मोठ्या झालात तिथूनच निघावे, हे कारण असेल तर ते फार चांगले कारण आहे. मग कार्यालयाचे वाचलेले भाडे माणसांच्या मजुरीवर मोकळ्या हाताने खर्च करा.

आता आईच्या म्हणण्याकडे वळू. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य आपल्या पिढ्यांनी एकमेकींवर इतके वापरले आहे की ते ऐकताच मुली कान बंद करतात. तुम्ही तसे करू नये अशी माझी विनंती आहे. तुमच्या आईने गेली तीस-एक वर्षे इतरांच्या मुलामुलींच्या लग्नांना हजेरी लावली असेल, प्रत्येक घरी आहेर केला असेल, केळवणे केली असतील, कुणाच्या रुखवतासाठी रात्र जागवली असेल. अनेक घरांत या देण्याघेण्याची वही असते आणि ती आईच्याच हस्ताक्षरात असते. तिच्या दृष्टीने तुमचे लग्न हा त्या सगळ्या घरांना आपल्या दारी बोलावण्याचा, ज्यांच्याकडे आपण जेवलो त्यांना जेवू घालण्याचा दिवस आहे. ६० माणसांची यादी करताना तिच्या आयुष्यातल्या किती माणसांवर काट मारली गेली, हे तिच्याशेजारी बसून एकदा बघा. 'तुला कार्यालय हवे आहे का?' असे विचारलेत तर वाद होईल; 'तुला कोण कोण यायला हवे आहे?' असे विचारलेत तर ती नावे सांगेल, आणि नावांवर तोडगा काढता येतो. लग्नाच्या आधी एखाद्या दुपारी तिच्या भजनी मंडळातल्या, भिशीतल्या आणि नात्यातल्या बायकांसाठी केळवणाचा कार्यक्रम ठेवता येईल. त्यात तुम्ही स्वतः बसा, सर्वांच्या पाया पडा, फराळ बाहेरून मागवा. या कार्यक्रमाला विधवा मावश्या-आत्यांनाही तितक्याच मानाने बोलवा आणि हळदीकुंकू लावताना कुणालाही वगळू नका. तुम्हाला अनौपचारिक लग्न हवे आहे, तर जुन्या रीतीतली ही गोष्ट मोडायला याहून चांगली वेळ मिळणार नाही.

काहीतरी झाकायचे आहे असे लोकांना वाटेल का? बातमी उडत उडत पोहोचली तर जरूर वाटेल. लहान लग्नाची वार्ता लग्नाआधी आणि आईवडिलांच्या तोंडून पोहोचली, तर त्यात झाकण्यासारखे काही उरत नाही. ज्यांना बोलावता येणार नाही अशांनाही वडिलांनी स्वतः फोन करावा, 'मुलीचे लग्न अमुक तारखेला घरच्या घरी करीत आहोत, जागा लहान आहे, तुम्ही सवडीने दोघांना आशीर्वाद द्यायला घरी या' एवढे सरळ सांगावे आणि फार स्पष्टीकरण देत बसू नये. शेजाऱ्यांना मात्र यादीच्या बाहेर ठेवू नका. मांडव त्यांच्या भिंतीला लागणार आहे आणि गाड्या त्यांच्या फाटकासमोर उभ्या राहणार आहेत.

सासरच्या भावकीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे दोनशे माणसांना न बोलावणे हा तुमचा निर्णय म्हणून पोहोचला, तर तुम्ही घरात पाऊल टाकण्याआधीच तुमच्या नावावर एक नाराजी लागेल. ६० चा आकडा दोन्ही घरांत निम्मा-निम्मा वाटावा आणि त्यांच्या ३० मध्ये कोण, हे त्यांनीच ठरवावे. लग्नानंतर मुलाच्या घरी सत्यनारायणाची पूजा आणि जेवण होतेच. भावकीला तिथे बोलावता येईल, आणि द्राक्षाची काढणी जोर धरण्यापूर्वी डिसेंबरातच ते उरकले तर बागेच्या कामाचाही खोळंबा होणार नाही. पण ही सूचना होणाऱ्या नवऱ्यामार्फत पाठवू नका. त्याच्या आईला भेटून विचारा. तुमच्या आईचे ओझे उतरवून ते तिकडच्या आईच्या डोक्यावर ठेवले, तर आपण काहीच सोडवले नाही. तिथेही आचारी, वाढपी आणि खर्चाची वाटणी हेच सूत्र असावे.

मुलाच्या आजींची शंका तुम्ही अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारली आहे. मला ती आदराने ऐकावीशी वाटते. या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चे आहे, म्हणजे तुमची तारीख त्यानंतरची आहे आणि त्यांची काळजी परंपरेला धरूनच आहे. मात्र ज्या मुहूर्तशास्त्रात हा निषेध सांगितला आहे, त्यातच त्याचा प्रदेशही सांगितलेला आहे: गोदावरीच्या उत्तरेपासून भागीरथीच्या दक्षिण तीरापर्यंत सिंहस्थ गुरूत विवाह करू नये, इतरत्र दोष नाही. निफाड गाव गोदावरीच्या उत्तरेला आहे आणि इंदिरानगर दक्षिणेला. म्हणजे आजींच्याच शास्त्राप्रमाणे पाहिले तर लग्न तुमच्या अंगणात होणे हे उलट सोयीचे आहे. हे तुम्ही सांगू नका; त्यांच्या विश्वासातल्या गुरुजींना विचारायला सांगा. त्यांचे समाधान त्यांच्या भाषेत झालेले बरे.

तुमच्या बेतातली एक गोष्ट मात्र मी ठामपणे बदलायला सांगेन. 'हार घालू आणि नंतर नोंदणी करू' एवढ्याने कायद्याच्या दृष्टीने लग्न होत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ नुसार वधू किंवा वर यांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात, आणि ज्या रूढीत सप्तपदी आहे तिथे सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. असे विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीच्या प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. नोंदणी ही झालेल्या लग्नाची असते. पुढे पासपोर्ट, वारसा किंवा दुर्दैवाने एखादा वाद उभा राहिला, तर 'आम्ही हार घातले होते' हे उत्तर पुरणार नाही. कन्यादानाची गोष्ट वेगळी आहे. ते विवाहाच्या वैधतेसाठी आवश्यक नाही, असे अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्येच म्हटले आहे. म्हणजे तुम्हाला जे टोचते ते सोडता येते आणि जे आवश्यक आहे ते ठेवता येते.

तुमच्यासमोर त्यामुळे दोन सरळ वाटा आहेत. पहिली म्हणजे कन्यादान वगळून विवाहहोम आणि सप्तपदी करणे, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगणारे पुरोहित निवडणे आणि काय करायचे, काय नाही हे त्यांच्याशी महिनाभर आधी बोलून ठेवणे. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवून अशा अर्थासह होणाऱ्या विधींची वाट रुळवली आहे. दुसरी वाट विशेष विवाह कायदा, १९५४ ची. तिच्यात कोणताही धार्मिक विधी लागत नाही. पण दोघांपैकी एकाचे किमान ३० दिवस वास्तव्य असलेल्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात लावली जाते, ३० दिवसांत वैध हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर विवाह होतो, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत तो न झाल्यास नोटीस पुन्हा द्यावी लागते. जादा शुल्क भरून अधिकाऱ्यांना कार्यालयापासून वाजवी अंतरावर बोलावण्याची तरतूदही या कायद्यात आहे. ती प्रत्यक्षात कशी राबवली जाते, हे आधी जाऊन विचारा. या वाटेने गेलात तर अधिकाऱ्यांसमोर विवाह होईल तीच तारीख कायद्याने तुमच्या लग्नाची धरली जाईल, अंगणातल्या सोहळ्याची नाही, हेही घरात सर्वांना माहीत असावे. महाराष्ट्रात २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह झाला, तेव्हापासून भटजींविना, वधूवरांच्या परस्पर प्रतिज्ञांनी लग्न लावण्याची परंपरा आपल्याकडे आहे आणि मला ती मनापासून प्रिय आहे. मात्र दोन्ही घरांत ती रूढी नसेल तर त्या प्रतिज्ञा सोहळ्यात घ्या आणि वैधतेसाठी वरच्या दोहोंपैकी एक वाट धरा.

तुमचे पत्र वाचून माझा कौल पहिल्या वाटेकडे आहे. तुमचा आक्षेप दान या कल्पनेला आहे, सोबत सात पावले चालण्याला नाही. आईला अग्नीसमोर लग्न झाल्याचे समाधान मिळेल आणि तुम्हाला कुणी दान दिलेले नसेल. राज्याच्या १९९८ च्या कायद्यानुसार ९० दिवसांत महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नोंदणी करावी लागते. तिच्या अर्जावर पुरोहित आणि तीन साक्षीदार यांच्या सह्या लागतात, म्हणून अर्ज आधी आणून त्याच दिवशी जेवणापूर्वी सह्या घ्या. नंतर एकेकाला गाठत फिरावे लागते. पत्रिका छापायची नाही असे तुम्ही लिहिले आहे, पण नोंदणीच्या वेळी ती बहुधा मागतात. दहा-पंधरा साध्या पत्रिका छापून घ्या आणि पहिली देवापुढे ठेवा, आईलाही बरे वाटेल.

जागेच्या बाबतीत थोडक्यात सांगते. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी आणि संध्याकाळी चांगलीच थंडी असते, म्हणून मुहूर्त अकरा-साडेअकराच्या सुमाराचा धरा म्हणजे जेवणे उन्हात होतील. मांडवावर पाणी न झिरपणारे कापड असू द्या. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाडच्या द्राक्षबागांवर झालेली गारपीट तुमच्या सासरी कुणी विसरलेले नसेल. मांडव फाटकाच्या आत मावत नसेल तर रस्त्यासाठी महापालिकेची परवानगी लागेल. तो आतच मावेल एवढी माणसे ठेवावीत हे उत्तम. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, तेव्हा सनई लावा, पण अंगणापुरती. ६० माणसांना एक शौचालय पुरत नाही. शेजारच्या एका घराला आधीच विनंती करून ठेवा. मांडवाच्या दिव्यांचे वायरिंग घरच्या एकाच बटणावर लादू नका, इलेक्ट्रिशियनला आदल्या दिवशी बोलवा.

तुम्ही स्वार्थी आहात का, हा प्रश्न तुम्ही पत्राच्या शेवटी अगदी बारीक अक्षरात लिहिला आहे. मला तसे वाटत नाही. आपले लग्न आपल्याला ओळखणाऱ्या माणसांत व्हावे, ही इच्छा रास्त आहे. पण आजवर या लग्नाचे सगळे ठराव तुम्ही दोघांनी केले आणि बाकीच्यांनी त्यावर होकार-नकार द्यायचा, असे झालेले दिसते. वडिलांना आचारी ठरवायला पाठवा, ते भाव आणि चव दोन्ही नीट पाहतील. आईला एखादी गोष्ट पूर्णपणे तिच्या मनाची करू द्या, मग ती रुखवत असो की अंगणातली रांगोळी, आणि त्यात 'साधेच असू दे' हा शब्द काढू नका.

वाट कोणती हे नवरात्रातच ठरवा. विशेष विवाह कायद्याची असेल तर दसऱ्याच्या सुमारास नोटीस द्या. दिवाळीच्या सुट्ट्या धरूनही ३० दिवस नोव्हेंबरात पुरे होतात आणि तीन महिन्यांची मुदत जानेवारीपर्यंत चालते. सप्तपदीची असेल तर पुरोहित आणि आचारी दोघांनाही दिवाळीपूर्वी विसार देऊन ठेवा. आणि अंतरपाटाच्या अगदी जवळ, हात आणि पाठ असलेली एक बळकट खुर्ची आईसाठी मांडून, ती तिथे येऊन बसल्याशिवाय मंगलाष्टके सुरू करायची नाहीत, हे गुरुजींना आणि फोटो काढणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.